आधी भाडं विचार

चि. लेकीस अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज दोनदा वाचला. हिंजवडीचा फ्लॅट, बाल्कनीतून दिसणारी टेकडी, ऑफिसातल्या तिघांचं त्याच टॉवरमधलं बुकिंग, पाडव्याला टोकन देऊन टाक म्हणणारी आई. आणि शेवटी लिहितेस, ‘गुंतवणूक म्हणून’. अगं, मग भाड्याचा आकडा कुठाय?

राहायला घेत असतीस तर टेकडी बघ म्हणालो असतो, देवघराचा कोपराही बघ. पण तिथे राहणार भाडेकरू. तेव्हा भाडं विचार.

फ्लॅट ८० लाखांचा. २० टक्के तुझे, ६४ लाख कर्ज. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साडेपंचावन्न हजारांच्या आसपास. भाडं धर २२ हजार, त्यातून मेंटेनन्स आणि मिळकतकर वजा. उरलेले पस्तीसेक हजार दरमहा तुझ्या पगारातून, किंमत वाढेल या भरवशावर. वाढेलही. पण त्याला ‘सेफ’ म्हणू नकोस. आणि ताबा मिळेपर्यंत तर हे भाडंही नाही.

‘शेवटचे दोनच फ्लॅट उरलेत’ हे गृहकर्जाच्या टेबलावर बसून मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय! घर आवडून नव्हे, हातचं जाईल म्हणून सही करतात माणसं. किती बुकिंग झालं हे बिल्डरला दर तिमाहीला महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर टाकावं लागतं, ते बघ. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला कायद्याने घेता येत नाही, हेही आईला सांग.

मला हसतात, ठाऊक आहे. बाणेरला दुसरा फ्लॅट घेतला नाही आणि भाव कुठच्या कुठे गेले. मेहुणा दर लग्नात आठवण काढतो. काढू दे. तेव्हा भाडं हप्त्याच्या निम्मंही नव्हतं आणि घरात दोन कॉलेजच्या फिया होत्या. नंतर भाव चढले म्हणून तेव्हाचा हिशोब खोटा ठरत नाही. जिव्हारी लागतं, ते वेगळं.

शनिवारी शेजारच्या राहत्या सोसायटीत जा. वॉचमनला विचार, टू बीएचके कितीला जातो, एक भाडेकरू गेल्यावर दुसरा यायला किती महिने लागतात. सेल्स ऑफिसातल्या मुलाला विचारू नकोस, त्या बिचाऱ्याला टार्गेट आहे. आईशी मी बोलतो.

तुझा काका