पदकाची कड

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पणजोबांवरची तुझी बारा पानं वाचली. तलवारी, रणशिंग, छातीचा कोट, सगळं आहे. आणि कैदेची अडीच वर्षं? ‘पुढे ते तुर्कांच्या हाती सापडले’, एवढं एक वाक्य. लेका, खरी गोष्ट त्याच वाक्याखाली गाडली गेलीय.

आधी माणूस उभा कर. १९१४ साली, पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, शिपायाला महिन्याला ११ रुपये पगार होता. मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, कुठल्या दिशेला, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. ब्रिटिश जनरल टाउनशेंड त्यांना घेऊन बगदादच्या वाटेला लागला, नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफोनला अडला आणि मागे फिरून टायग्रिसच्या वळणातल्या कूतमध्ये जाऊन बसला. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला, तो पुढच्या एप्रिलअखेरपर्यंत.

लढाई दोन ओळींत आटप, भाकरीवर पान खर्च कर. एप्रिलमध्ये माणशी पीठ पाच औंसांवर आलं, मग त्याहूनही खाली. घरी दीडशे ग्रॅम पीठ तोलून बघ, जेमतेम दीड भाकरी होते. घोडे आणि खेचरं कापली जात होती, पण आपले शिपाई कितीतरी दिवस त्या मांसाला शिवेनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी आणवली, तरीही. गावात कळलं तर आपल्या पोरीला करून कोण घेईल, ही धास्ती उपासमारीपेक्षा मोठी होती. शेवटी बऱ्याच जणांनी खाल्लं. पणजोबांनी खाल्लं का? तुला ठाऊक नाही, मलाही नाही. मग ‘प्राण कंठाशी आले तरी धर्म सोडला नाही’ हे कशाच्या जोरावर ठोकून दिलंस? खोड ते.

२९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली, त्यात भिश्ती, खेचरवालेही होते. जनरलसाहेबांची सोय मार्मारा समुद्रातल्या बेटावर झाली. शिपायांना शुमरानच्या छावणीत मिळाली ती दगडासारखी कडक बिस्किटं. इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटात ती पडली आणि कित्येक जण आतड्यांच्या विकाराने तिथेच गेले. उरलेले बगदादहून आगगाडीने समाराला, आणि तिथून पायी. तिक्रित, मोसुल, नुसैबिन, रास-अल-ऐन. सहाशे किलोमीटरच्या घरात जाईल ते अंतर. भर उन्हाळा, आणि अनेकांनी बूट, कपडे विकून पोटाला घातलेलं. रास-अल-ऐनला पोचलेल्यांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. जिवंत राहिलेल्यांची सुटका ऑक्टोबर १९१८च्या युद्धबंदीनंतर.

तुर्कांना मात्र राक्षस करू नकोस. त्यांच्या स्वतःच्या शिपायालाही धड खायला नव्हतं. पहारेकऱ्यांनी मारलं हे लिही, आणि ते पहारेकरीही फाटक्या कपड्यांत चालत होते, हेही लिही.

तू विचारलंयस, ‘घरी आल्यावर ते कधीच काही का बोलले नाहीत?’ कारण शोधायच्या भानगडीत पडू नकोस. ते गप्प होते, इतकंच नोंदव. आपल्या मनातली वाक्यं त्यांच्या तोंडी घालायचा मोह मलाही झाला होता तुझ्या वयात, आणि ते लिखाण मी नंतर बंबात घातलं.

आता कामाचं. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरलीत. हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या. तुमच्या चावडीतल्या संगमरवरी पाटीवरही तसंच: या गावातून इतके गेले, इतके मेले. नावाच्या शोधात तू दगडांपाशी फिरतोयस. पण पेटीतल्या चांदीच्या पदकाचा फोटो पाठवलास ना, तो फक्त राजाच्या तोंडाचा आहे. पदक आडवं धरून कड बघ. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, अगदी साध्या शिपायाचीसुद्धा. खेड्यांतली अशी कित्येक पदकं चांदीसाठी वितळली गेली. तुमचं राहिलंय, हे नशीब.

भिंग घे, दुपारच्या उजेडात तिरपं धरून कडेचे फोटो काढ आणि पाठव. नंबर लागला की बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला काय विचारायचं ते ठरवू. आणि आईला आजच सांग, दिवाळीला ते चिंच लावून घासू नका म्हणावं. अक्षरं झिजतात.

तुझा,
सर