फ्लो सायटोमीटरचा (एकेक पेशी प्रकाशात तपासणाऱ्या यंत्राचा) डेटा थेट रुग्णालयाच्या संगणकप्रणालीत का जात नाही?

कारण दोन्हीकडची मानकं वेगळ्या गरजांतून वाढली. सायटोमीटरची एफसीएस फाइल, म्हणजे या यंत्राचा डेटा साठवायचं ठरलेलं स्वरूप, १९८४ पासून आहे आणि तिचा जीव मोजमापात आहे: प्रत्येक पेशीने किती प्रकाश विखुरला, कोणत्या डिटेक्टरवर किती चमक नोंदली गेली. रुग्णालयाच्या एचएल७ किंवा फायर (आरोग्यविषयक माहिती एका संगणकातून दुसऱ्याकडे पाठवायची मानकं) संदेशाला मात्र नमुना कोणाचा, तपासणी कोणती, निकाल किती, एकक काय, एवढंच हवं असतं.

खरी अडचण नावांची आहे. एफसीएसमध्ये डिटेक्टरपुढचं लेबल माणूस मोकळेपणाने टाइप करतो. एक जण ‘सीडी४’ (काही पांढऱ्या पेशींवरची ओळखखूण) लिहितो, दुसरा मागे रंगद्रव्याचं नाव जोडतो, तिसरा रिकामंच सोडतो. संगणकाला या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. निकालाच्या बाजूला हे बरंच सुटलंय: रक्तातल्या सीडी४ पेशींच्या संख्येला लॉइंकमध्ये (तपासण्यांच्या प्रमाणित कोडयादीत) २४४६७-३ हा ठरलेला कोड आहे, टक्केवारीला वेगळा.

पण तो आकडा कोणत्या पेशी धरून आला? म्हणजे गेटिंग (मोजायच्या पेशी बाकीच्यांतून निवडणं) कसं केलं? ते नोंदवायला गेटिंग-एमएल हे मानक आहे, प्रयोगाच्या किमान तपशिलांसाठी मिफ्लोसाइट आहे. दोन्ही चांगली आहेत, पण रुग्णालयात पोचणाऱ्या अहवालात त्यांचा मागमूस क्वचितच दिसतो, आणि मला हीच सर्वांत मोठी उणीव वाटते. वर्षभराने तोच आकडा पुन्हा तपासायचा झाला तर डॉक्टरांच्या हातात काहीच नसतं.

तुम्ही नवीन व्यवस्था उभारत असाल तर लेबलं यादीतूनच निवडायला लावा आणि अहवालासोबत मूळ फाइलचा व गेटिंगचा दुवा जपा.