गोदाकाठची फेरी काढण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या मुलांना नाशिकचा गोदाकाठ दाखवायचा म्हणून तू पाठवलेला आराखडा वाचला. मेहनत दिसते. पण दीड तासात चौदा देवळं कोंबली आहेस. निम्मी काढून टाक. सुंदरनारायणापासून निघ आणि नदी वाहते तसा खाली नारोशंकरापर्यंत जा. अंतर फार नाही, वेळ थांबण्यात जाऊ दे.

सुंदरनारायण १७५६ चं, गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी बांधलेलं. एवढं सांगून पुलाकडे वळ. नाव अहिल्याबाई होळकरांचं असलं तरी जुनी माणसं अजून व्हिक्टोरिया पूलच म्हणतात. कपालेश्वराच्या महादेवापुढे नंदी नाही, हे मुलांना आधीच ठाऊक असेल. त्यावर दहा मिनिटं घालवू नकोस.

रामकुंडावर मात्र आवाज खाली आण. तिथे रोज कोणीतरी लाल फडक्यात बांधलेला अस्थिकलश छातीशी धरून पायऱ्या उतरत असतं. परवाच एक मुलगा पाण्यात उभा होता; विधी आटोपला, तरी रिकामं फडकं मुठीत घट्ट धरून. अशा वेळी कुणाचाही मोबाईल वर जाता कामा नये. हे फेरीच्या आधीच बजाव, तिथे दटावायची वेळ येऊ देऊ नकोस.

दुतोंड्या मारुतीपाशी खरा मुक्काम कर. नाशिकचा पूर याच मारुतीवर मोजला जातो. गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले, हे बातम्यांत कळतं; पण घरात विचारतात ते, 'मारुतीच्या कुठवर आलं?' गुडघा, कंबर, छाती, गळा. गळ्यापर्यंत म्हटलं की काठावरचे दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला लागतात. २००८ च्या सप्टेंबरात मी वरच्या बाजूला उभा होतो. मारुती दिसतच नव्हता, तो कुठे असावा हे लोक एकमेकांना बोट करून दाखवत होते. मुलांना मूर्तीच्या पायाशी उभं कर आणि मान वर करून बघायला सांग. पाणी केवढं चढतं हे त्यांना तेव्हा कळेल.

मग नारोशंकर. देऊळ १७४७ चं, नारोशंकर राजेबहादूरांनी बांधलेलं. नदीकडच्या तटावरची ती मोठी घंटा चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हाची, असं सांगतात. समुद्राकाठच्या चर्चची घंटा इथे गोदेच्या तोंडावर टांगली गेली. आणि जुन्या नाशिककरांच्या हिशेबात पाणी घंटेला लागलं म्हणजे गाव बुडालं. मारुती आणि घंटा या दोन खुणा मुलांच्या डोळ्यांत बसल्या, तर बाकीचं ती स्वतःच शोधतील.

काळाराम तू आराखड्यात शेवटी, 'वेळ उरल्यास' म्हणून टाकला आहेस. हे मला पटलं नाही. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि तो पुढे काही वर्षं चालला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. घाटाच्या पायऱ्या सुंदर आहेत, पण त्यांवरून कुणाला उतरू दिलं आणि कुणाला अडवलं, हे न सांगता फेरी पुरी कशी होईल? नारोशंकरापासून मुलांना वर ने. पूर्व दरवाजापाशी उभं कर आणि सावकाश सांग.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, रबरी चपला नकोत. बुधवारी बाजार भरतो, त्या दिवशी तीस मुलं घेऊन जाऊ नकोस. पण तू एकटा मुद्दाम बुधवारीच जा. भाजी लावणाऱ्या मावशींना विचार, पूर आला की बाजार कुठे हलतो. त्या जे सांगतील ते वहीत लिहून घे.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला सुंदरनारायणाच्या पायऱ्यांवर भेट. आराखडा घेऊन ये, आणि पेन्सिलही.

तुझे,
सर