‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना ओठ मिटतात

ताई, जय ख्रिस्त. मी भांडुपची, वय ५४. तीन वर्षांपूर्वी मिस्टर हार्ट अटॅकने गेले. आयसीयूबाहेर पाळकसाहेबांनी माझ्याकडून म्हणवून घेतलं, ‘प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ पहाटे चारला ते गेले. तेव्हापासून रविवारी प्रभूची प्रार्थना सुरू झाली की त्या ओळीला माझे ओठ मिटतात. मुलगी २६ वर्षांची, नर्स आहे. नाइट ड्यूटी असली की मी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन टाकायला लावते आणि रात्रभर बघत बसते. आता ती जर्मनीला जायचं म्हणते. दोन महिन्यांनी जर्मन भाषेची बी-टू परीक्षा आहे. महिला मंडळात मी विनंती दिली, ‘प्रभूने चुकीचं दार बंद करावं.’ मागच्या महिन्यात तिच्या हॉस्पिटलच्या मेट्रनला, म्हणजे मुख्य नर्सला, फोन करून तिच्या नाइट्स कमी करायला सांगितलं, तर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शेजारीण माहीमच्या कॅथलिक चर्चमध्ये नऊ बुधवारांची प्रार्थना, नोव्हेना, करायला सांगते. मंडळीत सगळे म्हणतात, ‘प्रभूवर सोड.’ प्रार्थनासभेत सोडते आणि घराचं कुलूप काढेपर्यंत परत घेतलेलं असतं. सोडायचं म्हणजे नक्की करायचं तरी काय?
– एक आई, भांडुप

प्रिय भगिनी, जय ख्रिस्त.

जर्मनी आणि लोकेशनकडे नंतर येते. आधी आयसीयूबाहेरच्या त्या वाक्याचं बघू, कारण बाकी सगळं तिथूनच निघालेलं दिसतं. ते वाक्य म्हटलं आणि माणूस गेला. मनाने दोन्ही गोष्टी एकाला एक जोडल्या. तुमचे ओठ मिटतात ते अविश्वासाने नाही, भीतीने मिटतात. पुन्हा म्हटलं तर आता मुलगी जाईल, अशी ती भीती आहे. तुम्ही पत्रात हे लिहिलेलं नाही, पण लाइव्ह लोकेशन दुसरं काय सांगतं?

तुमच्या प्रार्थनेने ते गेले नाहीत. हृदयविकाराने गेले. त्या रात्री तुम्ही ओरडून ‘माझ्याच इच्छेप्रमाणे होवो’ म्हणाला असतात, तरी त्यांच्या हृदयाच्या स्नायूंचं जे व्हायचं ते झालंच असतं.

पण एक चूक त्या रात्री झाली, आणि ती तुमची नव्हे. तुमच्याकडून अर्धीच प्रार्थना म्हणवून घेतली गेली. मार्कचा १४ वा अध्याय उघडा. पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत प्रभू येशू आधी काय मागतो? हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर. ‘तरी तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे त्यानंतर येतं. आणि एकदा मागून तो उठत नाही. शिष्य झोपलेत हे बघून परत जातो, त्याच शब्दांत पुन्हा मागतो, आणि तिसऱ्यांदा येतो. प्रेषित पौलानेही आपल्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, दूर व्हावी म्हणून तीनदाच विनवणी केली. आपल्या मंडळ्यांत पहिला अर्धा भाग गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारायची सवय लागली आहे, कारण पहिला भाग ऐकायला अवघड जातो. आयसीयूबाहेर एक बाई ‘यांना नेऊ नकोस’ म्हणून रडतेय, ते ऐकत उभं राहण्यापेक्षा तिला समर्पणाचं वाक्य देणं सोपं पडतं. पाळकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचाही हेतू चांगलाच असणार. पण तुमचा पहिला अर्धा भाग तीन वर्षं आतच राहून गेलाय.

तो आधी बाहेर काढा. योहानाच्या ११ व्या अध्यायात भाऊ लाजर मेल्यावर मार्था आणि मरीया दोघी बहिणी प्रभूला वेगवेगळ्या वेळी एकच वाक्य ऐकवतात: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. सरळ तक्रार आहे ती. प्रभू एकीलाही गप्प करत नाही, उलट स्वतः रडतो. तेच वाक्य तुम्ही ‘भाऊ’च्या जागी ‘नवरा’ घालून म्हणा. मोठ्याने, घरी कोणी नसताना. स्तोत्र ८८ वाचा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी आशेची ओळ चिकटवलेली नाही, तरीही ते शास्त्रात आहे. हे दोन-तीन आठवडे चाललं तरी चालू द्या. हे झाल्याशिवाय पुढच्या उपायांचा उपयोग होत नाही. म्हणजे थोडा होतो, पण चार दिवसांत विरतो.

आता, सोडायचं म्हणजे काय करायचं. एक वही घ्या. पानाचे तीन उभे रकाने करा. लोक दोनच करतात, ‘माझं’ आणि ‘देवाचं’, आणि तिथेच फसतात. तिसरा रकाना ‘तिचं’ असा हवा. तुमच्या बाबतीत सगळा गोंधळ या तिसऱ्या रकान्याचा आहे. तुम्ही जे परत घेता असं लिहिता, त्यातलं निम्मं कधी देवाला दिलेलंच नव्हतं. ते मुलीचं होतं, तुम्ही तिच्याकडून काढून घेतलं होतं.

नहेम्याचा ३ रा अध्याय कंटाळवाणा म्हणून आपण ओलांडून जातो. यरुशलेमचा पडलेला कोट पुन्हा बांधणाऱ्यांच्या नावांची नुसती यादी. पण त्यात परत परत येतं की अमक्याने ‘आपल्या घरासमोर’ कोट दुरुस्त केला. प्रत्येकाला भिंतीचा आपापला तुकडा. ४ थ्या अध्यायात शत्रू चालून येणार कळल्यावर ते देवाची प्रार्थना करतात आणि त्याच वाक्यात पहारेही बसवतात. ५२ दिवसांत कोट पुरा झाला. म्हणजे प्रभूवर सोडणं आणि पहारा ठेवणं यांत भांडण नाही. भांडण सुरू होतं शेजाऱ्याच्या भिंतीवर चढून त्याची थापी हिसकावली की.

रकाने भरताना कसोटी व्याकरणाची लावा. ‘माझं’ या रकान्यातल्या प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘मी’ हवा आणि ते काम आज झोपायच्या आत करता आलं पाहिजे. ‘तिने वेळेवर जेवावं’ इथे कर्ता ती आहे, वाक्य सरकवा. ‘तिला तिथे चांगली माणसं भेटावीत’, इथे कर्ता तुम्ही नाही, तीही नाही, तेव्हा ते प्रभूच्या रकान्यात. ‘मी माझी बीपीची गोळी घेईन’, हे तुमचं. परीक्षा, शिफ्ट, जायचं की नाही, तिथे रविवारी चर्चला जायचं की नाही, हे सगळं तिचं. शेवटचं लिहिताना हात अडखळेल. तरी लिहा. पहिल्या दिवशी तुमचा रकाना पानभर होईल. कसोटी लावून झाल्यावर सात-आठ ओळी उरल्या तर बरोबर जमलं असं समजा.

जर्मनीच्या बाबतीत तुमच्या वाट्याला एक खरं काम येतं. ज्या एजन्सीमार्फत ती जातेय ती नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. करारात पगार, कामाचे तास, मध्येच सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल, हे लिहिलंय का ते तिला विचारा. ही तुमची पहाऱ्याची चौकी. एकदा विचारायचं, उत्तर मिळालं की विषय बंद. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की तो प्रश्न राहत नाही, दडपण होतं.

वही रोज सकाळी १५ मिनिटं, हातात मोबाइल घ्यायच्या आधी. आधी वाटतं ते मागा, आडपडदा न ठेवता: ‘तिने जाऊ नये असं मला वाटतं.’ खोटं समर्पण प्रभूपुढे चालत नाही आणि तुमच्यापुढेही टिकत नाही. मग प्रभूच्या रकान्यातल्या ओळी एकेक करून मोठ्याने वाचा आणि प्रत्येकीनंतर तळहात उघडा. हे पोरकट वाटेल, पण मुठी आवळलेल्या असतात हे उघडल्यावरच कळतं. ‘तिचं’ या रकान्यातलं काही मागू नका, फक्त तिच्यासाठी शहाणपण मागा. शेवटी आपल्या रकान्यातली दोन कामं आजसाठी निवडा. दोनच.

आणि कुलूप काढेपर्यंत परत घेता, याचा इतका धसका घेऊ नका. मान्ना आठवा, रानात इस्राएल लोकांना देवाकडून रोज मिळणारं अन्न, निर्गम १६. माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर, तेही त्या दिवसापुरतं. उद्यासाठी ठेवलं त्याला किडे पडले. काल प्रार्थनासभेत केलेलं समर्पण आज पुरलं नाही तर ते खोटं होतं असं नाही, ते कालचं होतं. दिवसातून सहा वेळा परत घेतलंत तर सहा वेळा द्या. पहिले दोन आठवडे आकडा वाढलेलासुद्धा दिसेल, कारण आधी मोजतच नव्हतो.

लाइव्ह लोकेशन. ते एकदम बंद करू नका, तसं केलं तर तिसऱ्या रात्री तुम्ही वॉर्डात फोन लावाल. मॅपवरचा तो ठिपका बघितला की दहा मिनिटं जीव थंड होतो आणि मग दुप्पट तगमग सुरू होते. पुढच्या वेळी तेवढ्याच आरामासाठी जास्त वेळा बघावं लागतं. म्हणून पायऱ्या करू. पहिला आठवडा: आठ तासांऐवजी एक तासाचं, तेही ड्यूटी सुटून घरी येतानाच. ती वॉर्डात असताना ठिपका हलतच नाही, मग बघायचं काय? दुसरा आठवडा: फक्त ‘निघाले’ आणि ‘पोचले’ असे दोन मेसेज. ठरलेल्या वेळेवर ४५ मिनिटं गेली तर एक फोन, त्याआधी नाही. आपल्या लोकलला एवढी सूट द्यायलाच हवी. मध्येच बघायची हुक्की आली तर घड्याळ लावून १५ मिनिटं थांबा आणि तेवढ्यात हाताला काम द्या, लसूण सोला, कपडे घड्या करा. त्या १५ मिनिटांत सारखी प्रार्थना करत बसू नका. तुमच्या अवस्थेत ती प्रार्थना म्हणजे दुसरं लोकेशन होऊन बसते. एकदा ‘प्रभू, ती तुझ्या नजरेसमोर आहे’ एवढं म्हणा आणि लसणाकडे वळा.

मेट्रनच्या फोनबद्दल माफी मागा. वाक्य असं: ‘मी तुझ्या कामाच्या ठिकाणी फोन केला, ते चुकलं. पुन्हा करणार नाही.’ इथे थांबा. ‘पण मला काळजी वाटते गं’ हे शेपूट जोडलंत की माफी परत घेतल्यासारखं होतं. आणि एक वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका: ‘मी तर तुला प्रभूच्या हाती सोपवलंय, आता तू आणि तो.’ ख्रिस्ती घरांत हे वाक्य टोमणा म्हणून सर्रास वापरलं जातं आणि मुलं ते बरोबर ओळखतात.

महिला मंडळातली ती विनंतीही मागे घ्या. ‘चुकीचं दार बंद करावं’ ऐकायला फार भक्तिमान वाटतं, पण कुठलं दार चुकीचं हे तुम्ही आधीच ठरवलेलं होतं. पंधरा बायकांना तुमच्या बाजूने मतदान करायला लावलंत की हो! ‘माझ्या मुलीला शहाणपण आणि मला धीर मिळो’ एवढी विनंती द्या. तिची परीक्षा, तिचं नाव, तिची तारीख तिला विचारल्याशिवाय मंडळीत सांगू नका.

शेजारणीच्या नऊ बुधवारांबद्दल. माहीमच्या नोव्हेनाला हजारो लोक श्रद्धेने जातात, तुम्हाला शांत वाटत असेल तर जरूर जा. फक्त ‘नऊ बुधवार करते, मग तू तिला थांबव’ असा व्यवहार मनात ठेवून जाऊ नका. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतल्या उपवास-प्रार्थनेलाही हेच लागू आहे, तिथेही सौदे कमी होत नाहीत. डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट ठेवलेल्या ओळीत जर्मनीचं उत्तर शोधायचं, हे करत असाल तर तेही सोडा. दहापैकी सात वेळा वंशावळ निघते.

पत्रावरून दिसतं की नाइट असेल त्या रात्री तुमची झोपच होत नाही. झोप सलग दोन आठवडे उडालेली असेल, छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. ‘विश्वास आहे तर गोळी कशाला’ असं कोणी म्हणालं तर सांगा की पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलं होतं, नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नव्हतं. शिवाय तुमच्या घरात हृदयविकाराने एक माणूस गेलंय, तेव्हा स्वतःची धडधड अंगावर काढू नका. हे तुमच्या रकान्यातलं आजचं पहिलं काम आहे.

राहिला रविवार. त्या ओळीला ओठ मिटले तर मिटू द्या, स्वतःवर जबरदस्ती करू नका आणि उगाच ओठ हलवूही नका. ती प्रार्थना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरू होते. ‘माझ्या’ असं तिच्यात कुठेच नाही, भाकर मागतो तीही आमची. तुम्ही त्या ओळीला गप्प राहता तेव्हा तुमच्या बाकावरच्या बायका ती म्हणत असतात, आणि त्या ‘आमच्या’त तुम्ही धरलेल्या असता. पुढची ओळ रोजच्या भाकरीची आहे. तिथून त्यांच्याबरोबर म्हणायला लागा.