लिंबाची पानं कुरतडू द्या

प्रश्न : अंगणात झेंडू, झिनिया, सदाफुली लावली आहे. फुलपाखरं येतात, पण दोन मिनिटांत भिंतीपलीकडे जातात. थांबत का नाहीत?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : फुलं ही त्यांची खाणावळ, संसार पानांवर. अळीला चालणाऱ्या झाडावरच मादी अंडी घालते, आणि जातीगणिक झाडं ठरलेली. लाईम बटरफ्लायला लिंबू, कढीपत्ता, बेल. टेल्ड जेला सीताफळ किंवा सरळसोट वाढणारा खोटा अशोक. कॉमन कॅस्टरला एरंड. प्लेन टायगरला, म्हणजे बिबळ्या कडव्याला, रुई (तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका). कुंपणाशी एक रुई, दोन कढीपत्ते आणि बारा इंची कुंडीत एक लिंबू, एवढ्यावर सुरुवात होते. घोळ आपोआप उगवली तर सगळी उपटू नका; डॅनेड एगफ्लायला ती लागते.

झेंडू गेंदेदार असेल तर पाकळ्यांच्या गर्दीत सोंड मकरंदापर्यंत पोचत नाही. एकेरी घ्या, जोडीला पेंटास. एकेक रोप विखरू नका, पाच-सहा एकत्र लावा, तेही सकाळचं ऊन येतं तिथे.

आता बघायचं कसं? नऊच्या सुमारास, झाडावर आपली सावली पडणार नाही असे बसा. पंख सपाट पसरलेलं फुलपाखरू ऊन खात असतं, तेव्हा ते नीट न्याहाळता येतं. पण खरी मजा फुलांकडे ढुंकूनही न बघणाऱ्या मादीत आहे. कढीपत्त्याभोवती भिरभिरत ती पानापानावर पुढचे पाय आपटते. ही पानाची चव घेणं. पोटाचं टोक वाकवून ती क्षणभर टेकली की जागा लक्षात ठेवा. ती गेल्यावर कोवळ्या पालवीवर मोहरीहून लहान, फिकट पिवळं, गोल अंडं सापडेल.

प्रश्न : लिंबाच्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारखे ठिपके होते, आता हिरव्या अळ्या आहेत. निम्मं रोप फस्त! नीमतेल फवारू का?
– कराड

उत्तर : नको. ठिपके नि अळ्या एकच. लहानपणी विष्ठेचं सोंग, मोठेपणी पानाचा रंग. नीमतेलाने त्या खाणं सोडतात, कात टाकताना मरतात. हातभर रोपावर चार-पाचच ठेवा, बाकीच्या कढीपत्त्यावर हलवा. लिंबाला पुन्हा पालवी फुटते. नवं रोप आणताना मात्र रोपवाटिकेत विचारा : अंतरप्रवाही औषध मारलेलं असेल तर ते पानाच्या आत असतं, धुऊन जात नाही.

प्रश्न : कोष काळा पडला. मेला का?
– वाई

उत्तर : पातळ सालीतून पंखांची नक्षी दिसत असेल तर एक-दोन दिवसांत फुलपाखरू निघेल. नक्षी नाही आणि बारीक गोल भोक आहे, तर परजीवी गांधीलमाशी आत वाढून निघून गेली. कोष मऊ असतानाच ती अंडी घालते. गळून पडलेला, पण जिवंत कोष खडबडीत कापड लावलेल्या उभ्या भांड्यात ठेवा. बाहेर आल्यावर चढून लोंबकळायला जागा मिळाली नाही, तर पंख चुरगळलेलेच वाळतात.