उंदराचा मेंदू तरुण झाला, म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न : हळदीतील कर्क्युमिनमुळे उंदरांच्या मेंदूचे वार्धक्य मागे फिरले, मेंदूतील ऑक्सिडीकरणाचा ताण आणि दाह कमी झाला, अशी बातमी वाचली. माझी आई ७६ वर्षांची आहे आणि अलीकडे ती फार विसरते. आमच्याकडे हळदीला तोटा नाही, तरी तिला कर्क्युमिनच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का? – एक वाचक, सांगली

उत्तर : बातमी खोटी असेलच असे नाही, मात्र तिच्यात ‘वार्धक्य’ हा शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, ते आधी पाहावे लागते. प्रयोगशाळेतला उंदीर आपसूक म्हातारा व्हायला सुमारे दोन वर्षे लागतात आणि तोवर त्याला सांभाळणे खर्चिक असते. त्यामुळे पुष्कळ प्रयोगांत दोन-तीन महिन्यांच्या धडधाकट उंदरांना डी-गॅलॅक्टोज नावाची साखर सहा ते आठ आठवडे रोज टोचली जाते. ही साखर दुधातल्या लॅक्टोजचाच एक घटक आहे (दूध पिणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही, प्रश्न मात्रेचा आहे). पण ती अशी साचली की तिच्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते (बातमीतला ऑक्सिडीकरणाचा ताण तो हाच) आणि स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींना इजा पोहोचते. कित्येक प्रयोगांत औषधही त्याच आठवड्यांत, साखरेच्या जोडीनेच दिलेले असते. तेव्हा मुद्दाम केलेल्या इजेपासून औषधाने बचाव केला, एवढेच त्यातून सिद्ध होते. झिजलेला मेंदू पुन्हा तरुण झाला, असे नाही.

स्मृती मोजण्यासाठी बहुधा रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली मांडलेली हौदाची चाचणी वापरतात. गोल हौदातले पाणी दुधाची भुकटी किंवा पांढरा रंग घालून गढूळ करतात आणि पृष्ठभागाखाली जेमतेम एक सेंटिमीटरवर एक छोटा चौथरा लपवतात. भिंतीवरच्या खुणांच्या आधाराने उंदीर चार-पाच दिवसांत तो चौथरा शोधायला शिकतो. शेवटी चौथरा काढून घेतात आणि त्या जागेच्या आसपास तो किती वेळ घुटमळतो, ते मोजतात. अशक्त उंदीर मुळात हळू पोहतो आणि आकड्यांत तो ‘विसराळू’ दिसू शकतो. म्हणून असा शोधनिबंध हाती आला की मी निष्कर्षाआधी पोहण्याच्या वेगाचा तक्ता शोधतो, आणि तो दिलेला नसेल तर पुढचे जरा सावधपणेच वाचतो.

त्यानंतर उंदराला मारून मेंदूच्या ऊतीत मॅलॉनडायअल्डिहाइड (ऑक्सिडीकरणाने झालेल्या इजेची खूण), ग्लुटाथायोन (त्या इजेपासून वाचवणारा घटक) आणि टीएनएफ-अल्फा (दाहाची खूण) यांसारख्या घटकांचे प्रमाण तपासतात. ही माहिती उपयोगाची असते, परंतु साखरेने बिघडवलेले हे आकडे सुधारल्याचे दावे इतक्या वनस्पतींच्या अर्कांबाबत झाले आहेत की, तेवढ्यावरून औषध सापडले असे मी म्हणणार नाही.

मात्रेचा हिशेबही करून पाहावा. मोठ्या जातीच्या उंदराला (रॅट) वजनाच्या प्रत्येक किलोमागे २०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले असे धरले, तर शरीराच्या पृष्ठफळावर आधारलेल्या नेहमीच्या रूपांतराने ६० किलोच्या माणसासाठी ते सुमारे १.९ ग्रॅम होते. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते. म्हणजे रोज साठ ग्रॅमहून अधिक हळद झाली, आणि सांगलीच्या घरातही एवढी हळद कोणी पोटात घालत नाही. शिवाय पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते.

अधिक कठोर कसोटी अमेरिकेत आहे. तिथल्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या कार्यक्रमात एकच प्रयोग तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत होतो आणि मिश्र वंशाच्या उंदरांना आयुष्यभर सांभाळून त्यांचे आयुर्मान मोजले जाते. रॅपामायसिन हे अवयव-प्रत्यारोपणानंतर वापरले जाणारे औषध ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयातल्या उंदरांना देऊनही त्यांचे आयुष्य वाढले, हे २००९ साली प्रसिद्ध झाले. याच कार्यक्रमात कर्क्युमिनने आयुर्मान वाढले नाही. आयुर्मान आणि स्मृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य. तथापि अल्झायमरच्या रुग्णांवर झालेल्या २४ आठवड्यांच्या एका छोट्या चाचणीतही कर्क्युमिनचा लाभ आढळला नाही.

आईसाठी कॅप्सूल आणण्याआधी डॉक्टरांकडून तिचे थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे, तसेच ती घेत असलेल्या झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या त्यांना दाखवाव्यात. या कारणांनी आलेला विसराळूपणा बऱ्याचदा कमी होऊ शकतो. ती रक्त पातळ करणारे औषध घेत असेल किंवा तिला यकृताचा त्रास असेल, तर कर्क्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नयेत. भाजी-आमटीतली हळद चालू ठेवायला हरकत नाही.