प्लॉटचा विसार आत्ता घेऊ नका

फोंड्याच्या ताई, नमस्कार.

तुमचं पत्र काल रात्री वाचलं. यजमान 52 वर्षांचे. परवा पहाटे अंगणात कोसळले, 108 ची गाडी येईपर्यंत शेजारच्या मुलाने छाती दाबत ठेवली, हृदय पुन्हा सुरू झालं, पण शुद्ध नाही. खासगी रुग्णालयाचं बिल दिवसाला 60 हजारांच्या घरात. भाऊ म्हणतात, तुमच्या नावावरची 14 लाखांची एफडी मोडा आणि प्लॉटचा विसार घ्या. दीर म्हणतात, मेंदू गेला असेल तर पैसे कशाला घालवायचे? दोघांनाही सांगा, की हे आज कोणालाच माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही.

ते काही लपवत नाहीत. 2021 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मेंदूचा अंदाज बांधण्याआधी, हृदय सुरू झाल्यावर किमान 72 तास जावे लागतात आणि गुंगीच्या औषधाचा अंमलही उतरावा लागतो. मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर तो उतरायला आणखी वेळ लागतो. त्यानंतरही शुद्ध नसेल आणि चिमट्याला हात नीट मागे घेत नसतील, तर पुढच्या तपासण्या बघतात: बाहुल्या उजेडाला आकसतात का, ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, कसा आहे, मनगटाच्या नसेला दिलेला झटका मेंदूपर्यंत पोचतो का, रक्तातलं एनएसई (मेंदूच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) लिटरमागे 60 मायक्रोग्रॅमच्या वर आहे का, एमआरआयमध्ये मेंदूला सर्वत्र इजा दिसते का. यातल्या किमान दोन गोष्टी वाईट निघाल्या तरच डॉक्टर आशा कमी म्हणतात. नाहीतर थांबून पुन्हा तपासतात. उशिरा जागे झालेले रुग्ण असतात, ताई. दिरांना हे नक्की सांगा.

आता प्लॉट. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर मालमत्ता नवरा-बायकोची समाईक आणि जमीन विकायला दोघांच्या सह्या. यजमान सही करू शकत नाहीत. आज विसार घेतलात तर खरेदीखत अडकेल आणि तो माणूस पैसे परत मागायला दारात उभा राहील. बेशुद्ध माणसाचा अंगठा उठवून घेऊ असं कोणी सुचवलं, तर त्याला तिथेच थांबवा.

एफडीही मोडू नका. त्याच बँकेत तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तशी उचल, घ्या. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त पडतं, आणि वापराल तेवढ्यावरच. माझ्या मते सध्या 5 लाखांपर्यंतच जा. ही उचल एफडीच्या निम्म्यापलीकडे कधीच जाऊ देऊ नका, कारण यजमान जागे झाले तरी खर्च संपत नाही. स्मरणशक्ती, लक्ष, चालणं सावरायला महिने लागू शकतात, आणि तोवर त्यांचा पगार येईलच असं नाही.

हे मी आमच्या घरावरून सांगतोय. काकांच्या वेळी आम्ही घाबरून दुसऱ्याच रात्री काकूच्या पाटल्या विकल्या. दहाव्या दिवशी काका शुद्धीवर आले. घरी आल्यावर फिजिओथेरपिस्टला द्यायला पैसे नव्हते, आणि काका काकूच्या रिकाम्या मनगटाकडे बघत राहायचे. ती नजर मला अजून आठवते.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड कपाटातून आजच काढा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चौघे किंवा जास्त असतील तर 4 लाखांपर्यंत संरक्षण आहे. हे रुग्णालय आणि हा उपचार त्यात बसतो का, ते बिलिंगच्या खिडकीवर विचारा. प्रकृती स्थिर झाल्यावर बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हलवता येईल का, हेही डॉक्टरांना विचारा. तिथे नेणं म्हणजे त्यांना सोडून देणं नव्हे, हे मनातून पक्कं करा.

एक शंभर पानी वही घ्या. रोज एक पान: त्या दिवसाचं बिल आणि डॉक्टरांचं वाक्य, जसंच्या तसं. पहिल्या पानावर उद्या सकाळी विचारून या दोन वेळा लिहा: हृदय किती वाजता सुरू झालं, आणि गुंगीचं औषध किती वाजता बंद केलं. ते अजून चालूच असेल तर दुसरी जागा रिकामी ठेवा.